शिंकेचं उत्तर

“बस खाली,” आत्याबाई म्हणाल्या.

माझा एक पाय जिन्याच्या पहिल्या पायरीवर होता, दुसरा उंबऱ्यात. पायात चपला, खांद्याला पर्स, पर्समध्ये डी. फार्मसीचं सर्टिफिकेट. खाली शीतल स्कूटरला किकवर किक मारत होता, मला मिरजेच्या गाडीला सोडायला. आणि मी शिंकले. तीही पदरात दाबून, मांजर शिंकतं तेवढीच. पण आत्याबाईंचे कान काय विचारता! देवासमोर डोळे मिटून बसल्या असल्या तरी माझी शिंक त्यांना तीन खोल्यांपलीकडून ऐकू यायची.

“अहो आत्याबाई, ही धुळीची शिंक आहे. खाली हळदीची पोती झटकतायत, बघा तरी.”

“धुळीची का कसली, शिंक ती शिंक. चपला काढ.”

“मला दहाला बोलावलंय हो!”

“उद्या जा.”

“उद्यापण शिंकेन मी.”

“मग परवा जा.”

झालं. मी चपला काढल्या. खाली स्कूटर बंद पडल्याचा आवाज आला. ती बंद पडली नव्हती, शीतलनं ती बंद केली होती. त्याला वरून काही सांगायला लागायचंच नाही.

शीतल म्हणजे माझा नवरा. आमच्या जैनांत हे पुरुषाचंही नाव असतं, आणि या माणसाला ते अगदी शोभत होतं. कशालाही “बघू” म्हणायचा. आत्याबाई म्हणजे सासूबाई. आमच्या सांगलीकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. आणि सासरे, अप्पा. आदगोंडा मगदूम. वखारभागात हळदीची अडत. खाली दुकान आणि गोदाम, वर घर. आता तुम्हीच बघा, हळदीच्या धुळीनं जिला शिंका येतात अशी मुलगी कोणत्या घरात पडावी? माझ्या हळदीच्या दिवशीच मी शिंकून शिंकून बेजार झाले होते. बायका हसत होत्या. तेव्हाच मी मांडवातून पळायला हवं होतं.

बाहेर पडताना शिंक आली तर लोक काय करतात? क्षणभर टेकतात, घोटभर पाणी पितात, देवाचं नाव घेतात आणि चालायला लागतात. माझ्या माहेरी इचलकरंजीलाही एवढंच होतं. पण मगदुमांच्या घरात शिंक आली की ते काम त्या दिवसापुरतं मेलं. त्याला कारण होतं. भिंतीवर चंदनाच्या हारातला फोटो होता, भरतेशभावजींचा, शीतलच्या थोरल्या भावाचा. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. ते जीप घेऊन कराडला निघाले, निघताना कोणीतरी शिंकलं, ते तसेच गेले आणि हायवेला ट्रकखाली सापडले. खालचा कोणी हमाल शिंकला होता असं घरात सांगत. कोणता हमाल, ते कोणी सांगत नव्हतं आणि मीही कधी विचारलं नाही. फोटोकडं बघितलं की माझं तोंड बंद व्हायचं.

पण तोंड बंद झालं तरी नाक कुठलं बंद व्हायला! मग घरात एक रीतच पडली. कोणी बाहेर निघालं की मी मागच्या खोलीत जायचं आणि आत्याबाईंनी बाहेरून कडी घालायची. अप्पा सौद्याला निघाले, त्रिशला, म्हणजे मी, आत. शीतल बाहेरगावी निघाला, त्रिशला आत. पाहुणे निघाले तरी मी आतच. पाहुणे विचारायचे, “सूनबाई कुठं दिसत नाहीत?” आत्याबाई सांगायच्या, “पडलीय जरा.” मी आत पदर नाकात कोंबून उभी. त्यातली गंमत अशी की ती मागची खोली बरोबर गोदामाच्या वर होती. जमिनीच्या फळ्यांच्या फटींतून पिवळी धूळ नुसती वर यायची. शिंकू नये म्हणून मला जिथं कोंडत होते, त्याच खोलीत मी सगळ्यात जास्त शिंकायची. मला रडू यायचं. रडलं की नाक वाहायचं, नाक वाहिलं की आणखी शिंका. सुटकाच नव्हती.

मिरजेच्या एका हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीवर मला नोकरी लागली होती. लग्नाआधीच मुलाखत झाली होती, आणि लग्न ठरवताना अप्पांनी “करू दे की, आमची ना नाही” असं माझ्या वडलांना चारचौघांत सांगितलंही होतं. ना कोणाचीच नव्हती. फक्त मी उंबऱ्यात पोचले की शिंकत होते. एकदा मुदत वाढवून घेतली, मग दुसऱ्यांदा. त्या दिवशी आत्याबाईंनी मला खाली बसवल्यावर दुपारी मिरजेहून दुकानात फोन आला. शीतल वर येऊन म्हणाला, “सोमवारी ये म्हणतायत. सोमवारी नाही आलीस तर दुसऱ्या मुलीला घेणार.”

“मग?”

“बघू.”

“अहो, काय बघू? तुमच्या आईला सांगा ना!”

“सांगतो.” तो फोटोकडं बघून म्हणाला. मला कळलं, हा काही सांगत नाही.

शनिवारी फ्रान्सची बाई येणार होती. अप्पांच्या हळदीचा नमुना कोणामार्फत तरी तिकडं पोचला होता आणि बाई स्वतः माल बघायला येत होती. अप्पांनी दुकानाला चुना काढला, हमालांना नवे सदरे घेतले, आणि दोन दिवस जो येईल त्याला “फ्रान्सहून, हां!” असं ऐकवलं. शनिवारी सकाळी आत्याबाई म्हणाल्या, “आज तू आतच. त्या येतानाही आणि जातानाही.”

“चहा कोण देणार?”

“मी देईन.”

“त्या फ्रान्सच्या बाईला काय कळणार आहे शिंकेचं?”

“तिला नसेल कळत. मला कळतं.” त्यांनी कडी घातली. मग दाराआडून थोड्या मऊ आवाजात म्हणाल्या, “आत तांब्या ठेवलाय पाण्याचा. पंखा लावू नको, धूळ उडते.”

मी त्या बाईला बघितलंच नाही. फक्त आवाज ऐकले. जिन्यावर बूट वाजले, खुर्च्या सरकल्या. बाईचं नाव ओदील. तिच्याबरोबर पुण्याची दुभाषी होती, ऋजुता दातार नावाची, आवाजावरून माझ्याच वयाची वाटली. “काकू, शिरा अप्रतिम झालाय हं!” असं ‘अप्रतिम’वर जोर देऊन म्हणाली. अप्पा हळदीबद्दल बोलत होते, ऋजुता त्याचं फ्रेंच करत होती, बाई प्रश्न विचारत होती. सगळं छान चाललं होतं. मी तांब्यातलं पाणी पीत, नाक चिमटीत धरून बसले होते. मनात एकच चक्र चालू होतं. परवा सोमवार. परवा मी परत उंबऱ्यात उभी राहणार, परत शिंकणार, परत चपला काढणार. आणि मग पुढं सगळं आयुष्य या खोलीत, या फळ्यांवर, नाकाला पदर लावून.

मग खुर्च्या परत सरकल्या. निघायची बोलणी सुरू झाली. अप्पा म्हणाले, “बरं आहे मग, मादाम…”

आणि खाली कोणीतरी पोतं आपटलं.

मी श्वास कोंडला. पदर तोंडात घातला, जीभ टाळ्याला लावली, लहानपणी आई सांगायची ते सगळं केलं. काही उपयोग झाला नाही. अशी शिंकले की दाराची कडी खडखडली.

मग अप्पांचा आवाज. “बसा, बसा. मादामना बसायला सांगा. पाणी आण गं कोणीतरी.”

तेवढ्यात त्या बाईचा आवाज आला, सरळ माझ्या दाराच्या दिशेनं, खणखणीत आणि हसरा. “आ व्हो स्वे!”

मी दचकले आणि दुसऱ्यांदा शिंकले.

“आ व्होझ आमूर!” बाई म्हणाली.

एकदा लागल्या की माझ्या शिंका एकट्यादुकट्या येत नाहीत. तिसरीपण आली.

“केल द्युर तूझूर!” आता तर ती मोठ्यानं हसली.

“काय म्हणतीय ती?” आत्याबाईंनी विचारलं. “दाराकडं बघून काय म्हणतीय? मंत्र म्हणतीय काय?”

“नाही हो काकू,” ऋजुता म्हणाली. “त्यांच्याकडे कोणी शिंकलं की असं म्हणायची पद्धत आहे. पहिल्या शिंकेला म्हणतात, तुमच्या मनातली इच्छा पूर्ण होवो. दुसरीला म्हणतात, तुमच्या प्रेमाच्या माणसांचं भलं होवो. आणि तिसरीला, ते प्रेम कायम टिको.”

मी दाराला कान लावून उभी होते. माझी इच्छा! लग्न होऊन आल्यापासून त्या घरात मला जेवलीस का, झोपलीस का, औषध घेतलंस का, सगळं विचारलं होतं. वाईट माणसं नव्हती ती. पण तुझ्या मनात काय आहे, असं कोणी म्हणालं नव्हतं. आणि ही कुठली कोण बाई, जिनं माझं तोंडही बघितलं नाही, ती बंद दाराला विचारत होती. मला वाटलं, आता नाही बोलले तर मी या खोलीत मरेन.

“मला सोमवारी मिरजेला रुजू व्हायचंय,” मी आतून म्हणाले. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. “हॉस्पिटलात, औषधांच्या खिडकीवर. मला इथून बाहेर पडायचंय. शिंक आली तरी पडायचंय. ही माझी इच्छा आहे.”

“कोण बोललं?” अप्पांनी विचारलं. जसं काही घरात कोंडलेल्या चार-पाच जणी होत्या!

मग बाईनं काहीतरी विचारलं आणि ऋजुता अडखळत तिला सांगत राहिली. मिरज हा शब्द मला त्या फ्रेंचमध्येही ऐकू आला. बाईचं हसू थांबलं होतं. तिनं पुन्हा काही विचारलं.

“काकू,” ऋजुता हळू म्हणाली, “त्या विचारतायत, दाराला कडी बाहेरून का आहे?”

मला पावलं ऐकू आली. शीतलची, ती मला कुठंही ओळखू येतात. तो दाराशी आला. “बघू,” असं तो तेव्हाही पुटपुटला, खोटं कशाला सांगू. पण कडी त्यानं काढली.

मी बाहेर आले तो अवतार बघण्यासारखा असणार. लाल नाक, केसांवर पिवळी धूळ, पदर चुरगळलेला. ओदील बाई ठेंगणी होती, केस पांढरे आणि आखूड, खांद्याला मोठी कापडी पिशवी. ती माझ्याकडं बघतच राहिली. ऋजुता चटकन माझ्याजवळ सरकली आणि कानाशी म्हणाली, “वहिनी, रागावू नका, पण ते नुसतं म्हणायचं असतं हो. त्याला उत्तर देत नाहीत. मेर्सी, म्हणजे थँक्यू, म्हणायचं आणि नाक पुसायचं.”

“म्हणजे त्यांनी मला इच्छा विचारली नव्हती?”

“नाही ना.”

अगं बाई! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. एका परक्या बाईच्या रिवाजाला मी घरचं गाऱ्हाणं सांगून बसले होते, सासऱ्यांच्या गिऱ्हाइकासमोर, तेही दाराआडून ओरडून. अप्पांचा चेहरा बघवत नव्हता. मी परत त्या खोलीत जायला वळलेसुद्धा.

“थांब,” आत्याबाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. पण त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्या ओदील बाईच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“तिला विचार,” त्या ऋजुताला म्हणाल्या. “त्यांच्याकडं माणूस घराबाहेर पडताना कोणी शिंकलं तर काय करतात?”

ऋजुतानं विचारलं. बाई बोलली आणि ऋजुतानं सांगितलं, “हेच म्हणतात, आणि माणूस जातो.”

“तसाच जातो?”

“तसाच.”

“आणि परत येतो?”

ऋजुतानं आधी आमच्याकडं, मग भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. मग तिनं तो प्रश्न फ्रेंचमध्ये विचारला. ओदील बाईनं पिशवीचा पट्टा खांद्यावरून काढला, पिशवी खाली ठेवली आणि सावकाश बोलली.

“त्या म्हणतात,” ऋजुता म्हणाली, “बहुतेक वेळा येतो. त्यांचे वडील एकदा घरातून गेले ते आले नाहीत. पण त्या म्हणतात, त्या दिवशी घरात कोणीही शिंकलं नव्हतं.”

आत्याबाई उभ्या होत्या त्या मटकन खाली बसल्या.

“मी शिंकले होते,” त्या म्हणाल्या.

“काय?” अप्पा म्हणाले.

“भरतेश गेला त्या दिवशी. हमाल नाही, मी शिंकले होते. मी देवाला फुलं वाहत होते, तो जिन्यात होता. तो खालून ओरडला, आई, कोण शिंकलं गं? थांबू का? मी म्हणाले, कोणी नाही रे, जा तू, तुला उशीर होतोय.” त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “तो थांबू का म्हणत होता, आणि मी जा म्हणाले.”

अप्पा तोंड उघडून बघत राहिले. इतकी वर्षं एका घरात, एका ताटलीतला घास वाटून खाल्लेली माणसं, आणि हे त्यांना माहीत नव्हतं. शीतल भिंतीला टेकून रडत होता, अगदी लहान मुलासारखा. मला काय वाटलं सांगू? ज्या बाईला मी रोज त्या खोलीतून मनातल्या मनात शिव्या घालत होते, तिला जाऊन मिठी मारावी असं वाटलं. पण मारली नाही. सासू होती. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले, एवढंच.

ऋजुतानं यातलं काहीच फ्रेंचमध्ये सांगितलं नाही. बाईनंही विचारलं नाही. तिनं आपली खुर्ची परत ओढून घेतली, बसली आणि गार झालेला चहा प्यायली. त्या पुण्याला दुपारीच निघणार होत्या, त्या दिवेलागणीला निघाल्या. जाताना कोणाच्या लक्षातही आलं नाही, कोणी शिंकलं की नाही ते. पुढं बाईकडून हळदीची मागणी आली, पण बेताचीच. अप्पांनी मात्र गावभर मोठी म्हणून सांगितली.

रविवार उजाडला. आत्याबाईंनी उपास धरला. मी विचारायला गेले नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. कडीचा विषय निघाला नाही, मिरजेचाही नाही. रात्रभर मी शीतलच्या पाठीकडं बघत पडले होते. तो झोपला नव्हता, पण कुशीवरही वळला नाही.

सोमवारी मी न्हाऊन, साडी नेसून, पर्स घेतली. देवाला आणि अप्पांना नमस्कार केला. अप्पा पेपरात तोंड घालून “हं” म्हणाले. मी चपला घातल्या. उंबरा ओलांडला. पहिली पायरी उतरले, दुसरी उतरले, आणि तिसऱ्या पायरीवर, अहो काय सांगू, अशी शिंकले की खालचे हमालसुद्धा काम थांबवून वर बघायला लागले.

मी तिथंच थिजले. खाली शीतल स्कूटरवर बसला होता. त्यानं वर बघितलं, पण या वेळी स्कूटर बंद केली नाही.

“थांब,” मागून आवाज आला.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. झालं, संपलं सगळं, असं मनात म्हणून मी मागं वळले. आत्याबाई दारात उभ्या होत्या. अंगावर नवं लुगडं, हातात कापडी पिशवी, आणि पायांत चपला. कधीकाळच्या त्या चपला, अंगठा तुटून सुतळीनं बांधलेला, चामडं वाळून वाकडं झालेलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्या घरात आल्यापासून आत्याबाईंना चपला घातलेलं बघितलंच नव्हतं. लग्नकार्य नाही, बाजार नाही, मंदिरसुद्धा नाही, देव घरातच. मला आत घालून त्या कडी लावायच्या आणि स्वतः कडीच्या या बाजूला बसायच्या. भरतेशभावजी गेले त्यानंतर त्या तो जिना उतरल्याच नव्हत्या.

“मी येते,” त्या म्हणाल्या.

“कुठं?”

“तू जातीस तिथं. काही व्हायचं असलं तर दोघींना होऊ दे.”

अप्पांच्या हातातला पेपर खाली पडला. “अगं, तू…”

“तुमचं जेवण झाकून ठेवलंय,” त्यांनी मागं न बघता सांगितलं, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागल्या. तिसऱ्या पायरीवर माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट की बांगड्या रुतल्या. स्कूटरवर तिघं मावणार नव्हतो. शीतलनं रिक्षा थांबवली, आणि सगळ्या वखारभागानं आम्हाला जाताना बघितलं.

एस.टी.त त्या डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणत होत्या. ट्रक समोरून आला की त्यांची बोटं माझ्या मनगटात शिरायची. हॉस्पिटलात पोचल्यावर त्यांनी खिडकीसमोरचा बाक पकडला आणि भिंतीला पाठ लावून बसल्या. मी औषधं देत होते, चिठ्ठ्या वाचत होते, चुकत होते, वरिष्ठांची बोलणी खात होते. मान वर केली की समोर त्या. मधल्या सुट्टीत डबा उघडला तर त्या एका म्हाताऱ्या पेशंटच्या बायकोला दोन्ही हात हलवून काहीतरी सांगत होत्या. मी जवळ गेले तर ऐकू आलं, “ती आमची सून. हितं औषधं देते. तुम्हाला गोळ्या कळत नसतील तर तिला विचारा, रागवत नाही ती.”

संध्याकाळी आम्ही स्टँडवर उभ्या होतो. गर्दी होती. कोणी भजी तळत होतं, कोणी गाडीसाठी धावत होतं. आत्याबाई मान वळवून वळवून सगळं बघत होत्या, दुकानाच्या पाट्या वाचत होत्या. सांगलीची गाडी लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“आत्याबाई, चला. दमला असाल. उद्या तुम्ही घरीच थांबा. मी जाईन एकटी, खरंच जाईन.”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांना कोंडायला निघाले होते.

“घरी जाताना बाजारात उतरू,” त्या म्हणाल्या. “मला आधी चपला घेऊन दे. या रोज चालायच्या नाहीत.”